तुझ्या हातातला बिष्णुपूरचा शंख

नीला, तुला जाऊन आज बारा दिवस झाले. क्रिमेटोरियममध्ये मी तुझ्याबद्दल दहा मिनिटं बोलले. तुझ्या वॉर्डातल्या मिडवाइफ रडल्या आणि मंडळातल्या बायकांनी नंतर हात धरून "काय छान बोललात हो" म्हटलं. तुझ्या पापडासारख्या कडक पुरणपोळ्या, तुझं तीन मजले ऐकू जाणारं हसणं, पहिलटकरणीला दटावता दटावता तिच्या आईलाही दटावणं, सगळं सांगितलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. तरी जागेवर येऊन बसले तेव्हा मला स्वतःची शिसारी आली, कारण जे सांगायला हवं होतं ते मी याही वेळी गिळलं होतं.

ते आता लिहिते. तुझ्या सासूबाईंना शंखाबद्दल देबूने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं.

सात वर्षं घशात अडकलेलं वाक्य एवढंसंच निघालं. तू असतीस तर "वसू, तू?" एवढंच म्हणाली असतीस आणि फोन आपटला असतास. आपटायलाच हवा होतास. तो हक्क मी तुला कधी मिळू दिला नाही.

एकोणनव्वदचा डिसेंबर आठव. तुझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती आणि सासरहून, बंगालमधून, पहिल्यांदा आमंत्रण आलं होतं. पुण्याची मुलगी, त्यात रजिस्टर लग्न, तेही इंग्लंडमध्ये परस्पर उरकलेलं. देबूच्या आईने अकरा वर्षं तुझ्या नावाने एक ओळ लिहिली नव्हती. मग एकाएकी पत्र आलं: बिष्णुपूरच्या मेळ्याला या, बौमालाही आणा. बौमा म्हणजे सूनबाई, हे देबूने सांगितल्यापासून तू ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरत होतीस. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये ते माझ्यापुढे चार वेळा उघडलंस, बंगाली अक्षर वाचता येत नसताना.

"वसू, तू चल. तू नसलीस तर मी पहिल्याच दिवशी भांडेन आणि परत येईन."

माधव जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. नवरा गेल्यापासून ख्रिसमसची सुट्टी मला खायला उठायची. मी लगेच तिकीट काढलं.

बिष्णुपूर मला आवडलं, हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही. आपल्याकडचं देऊळ म्हटलं की कळस शोधत वर बघायचं. इथे खाली वाकून भिंत वाचायची. भाजलेल्या मातीच्या वीतभर पाट्या, त्यांत नावा, शिकारी, वादक, टोपीवाले साहेब, रामरावण. एका पाटीवर बायकांची रांग चाललेली होती. तू म्हणालीस, "ही बघ आमची लेबर वॉर्डची राउंड." रासमंचाचा चौथरा जांभ्याचा निघाला. माझं आजोळ सावंतवाडीचं, मी त्या दगडावर हात ठेवून खुळ्यासारखी उभी राहिले. रासाच्या दिवसांत गावातले सगळे देव इथे एकत्र आणून बसवायचे, असं देबूने सांगितलं, तर तू म्हणालीस, "म्हणजे जॉइंट फॅमिलीतून देवसुद्धा सुटले नाहीत." मेळ्यात लांब मानेचे मातीचे घोडे होते, पदरावर अख्खी गोष्ट विणलेल्या साड्या होत्या आणि दशावतारांचे हाताने रंगवलेले गोल पत्ते होते. तसे पत्ते वाडीलाही होतात म्हणून तू मला चार घेऊन दिलेस. नवव्या अवताराच्या जागी तिथे जगन्नाथ होता. मी म्हटलं, आमच्या पंचांगावर तिथे विठोबा असतो. त्यावर आपण दोघींनी त्या गर्दीत अर्धा तास वाद घातला. मिताली तेव्हा दहा वर्षांची होती आणि कंटाळून देबूच्या खांद्यावर बसायचा हट्ट करत होती. पत्ते माझ्या कपाटात आहेत. तो वाद तू जिंकला नव्हतास, हे पुन्हा सांगते.

पण हसणं सगळं बाहेर चालायचं. घरात तुझी मान ताठ असायची. तीन दिवस माँ तुझ्याशी थेट बोलल्या नाहीत. जे काही असेल ते देबूमार्फत. तू भात कमी घेतलास, हेसुद्धा देबूला सांगितलं जायचं आणि देबू तुला सांगायचा. तू दात आवळून हसायचीस. तुझ्या हातात शंखाच्या बांगड्या नाहीत, याकडे घरात येणारी प्रत्येक बाई आधी बघायची. आपल्याकडे मंगळसूत्र, तसे त्यांच्याकडे ते पांढरे शंख. चौथ्या दिवशी माँनी देबूला सांगितलं, आज बौमाला शांखारीकडे न्यायचं.

त्या गल्लीत घरोघर शंख कापत होते. दारात बसून माणसं शंखाची कडी घासत होती आणि पांढरी पूड त्यांच्या भुवयांवर बसली होती. दुकानात देबूची काकी तुझ्याजवळ बसली, कारण ती सवाष्ण. माँ स्वतः विधवा, त्या आत आल्या नाहीत. मी तुझ्या मागोमाग आत शिरत होते, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं आणि मला बाहेरच्या बाकावर बसवलं.

"हम दोनों इधर," त्या म्हणाल्या.

तू ते पाहिलंस आणि ताडकन उठलीस. "वसू बाहेर बसणार असेल तर मला नको हे." बोललीस मराठीत, पण सूर कुणालाही कळावा असा होता. घासणारे हात थांबले. काकी तुझ्या तोंडाकडे बघत राहिली. देबू स्वतःच्या बुटांकडे बघत उभा राहिला. एक शब्द जास्त झाला असता तर त्याच संध्याकाळी आपण कलकत्त्याच्या गाडीत असतो.

"नीले, मुकाट्याने घाल," मी बाहेरून म्हटलं. "अकरा वर्षं थांबलीस ती माझ्यापायी उधळू नकोस."

"आणि स्क्रबचं काय? परत गेल्यावर सोमवारी माझी ऑपरेशनची लिस्ट आहे. हातात हे घेऊन कोपरापर्यंत हात कसे धुऊ, सिझेरियन कसं करू?"

"अगं, साबण लावला की निघतील. सुजलेल्या बोटांतल्या किती अंगठ्या मी दोऱ्याने काढल्यात. भूल देणाऱ्या बाईचं ऐक."

ऐकलंस. कधी नव्हे ते माझं ऐकलंस. काकीने घट्ट मापच घ्यायला लावलं, सैल असलं की आपटतं आणि फुटतं म्हणून. शांखारीने तुझा अंगठा तळहातात दाबून शंख चढवला तेव्हा तुझ्या डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही हात झाल्यावर माँ उंबऱ्याशी आल्या, तुझ्या हनुवटीला हात लावला आणि म्हणाल्या, "बौमा." थेट तुला. तुझा चेहरा त्या वेळी असा झाला होता की मी नजर वळवली.

तुला एक माहीत नाही. तुझं आत चाललं होतं तेवढा वेळ माँनी माझं मनगट सोडलं नव्हतं. आधी मी रागाने नुसती धुमसत होते. मग त्यांनी विचारलं, "कितना साल?" मी म्हटलं, "दो." त्या म्हणाल्या, "मेरा उन्नीस." पुढे काहीच नाही. माधव गेल्यापासून मला सगळ्यांनी काही ना काही सांगितलं होतं: खंबीर राहा, कामात लक्ष घाल, कुत्रा पाळ. ही पहिली बाई, जी काही न सांगता शेजारी बसली. तुला वाटलं माझा अपमान झाला. मला त्या बाकावर बरं वाटलं होतं.

रविवारी आपण हीथ्रोला उतरलो. सोमवारी सकाळी साडेसातला तू माझ्यापुढे हात धरून उभी. विमानाने हात सुजले होते. साबण झाला, जेली झाली, प्लास्टिकची पिशवी घालून ओढून झालं, माझा सुप्रसिद्ध दोराही झाला. अंगठी बोटावरून सरकते, कडं हाताच्या हाडांवरून सरकत नाही, हे कळायला मला एमडी असून चाळीस मिनिटं लागली. साडेआठला तुझी पहिली पेशंट टेबलावर येणार होती. तू देबूला फोन केलास. तो म्हणाला, "कट इट, नीला. इट्स अ बँगल." तुझे ओठ पांढरे झाले होते.

"वसू, तूच काप."

प्लास्टर रूममधला माणूस अजून आला नव्हता. मी शंखाखाली लाकडी पट्टी सारली आणि प्लास्टर कापायची करवत लावली. दातांच्या डॉक्टरकडे ड्रिल लावल्यावर येतो तसा वास आला. निळ्या थिएटरच्या कपड्यांवर पांढरी पूड पडली. विधवेच्या हाताने सवाष्णीचे शंख कापले जातायत, हे तुझ्या डोक्यातही आलं नाही. माझ्या आलं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तरी आलं आणि हात थांबला नाही. तू चारही तुकडे सॅम्पलच्या डबीत घातलेस आणि झाकण लावलंस.

"याची वाच्यता नाही. तू, मी आणि देबू. शपथ घे."

मी शपथ घेतली. तू स्क्रबला गेलीस आणि त्या दिवशी तिन्ही बाळं ठणठणीत निघाली.

पुढच्या उन्हाळ्यात माँ तीन महिन्यांसाठी नॉटिंगहॅमला आल्या. तू लेस्टरहून प्लास्टिकची जोडी आणून घातलीस, दिसायला हुबेहूब. मी म्हटलं, सरळ सांगून टाक त्यांना. तुझं नेहमीचंच: "ज्या खोट्याने घर टिकतं ते खोटं नसतं, हेडमास्तरीणबाई." आपला जन्माचा वाद. मी पेशंटशी खोटं बोलत नाही, म्हणून जगाशी बोलणार नाही, असा माझा तोरा. पाच आठवडे तुझं प्लास्टिक चाललं. माँ आता तुझ्याशी बोलायच्या, तुझे केस विंचरायच्या. मला म्हणालीस, "वसू, मला चाळिशीत आई मिळाली गं."

एका दुपारी तू कामावर होतीस. मी आणि माँ तुझ्या स्वयंपाकघरात मटार सोलत बसलो होतो. त्या म्हणाल्या, "बौमा का शंख गरम है." मी वर पाहिलं नाही. "शंख ठंडा रहता है. तुम सच बोलो." आणि त्यांनी माझं मनगट धरलं, दुकानाबाहेर धरलं होतं तसंच.

मी सांगितलं. सोमवार, लिस्ट, सूज, सगळं. त्यांनी विचारलं, "किसने काटा?" मी म्हटलं, "मैंने."

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी मटार बाजूला ठेवले, हात धुतले आणि वर गेल्या. मला खरंच वाटलं होतं नीला, की खरं कळलं की त्या हसतील. त्या बाईला त्या क्षणी पोराच्या जिवाची धास्ती बसली असेल, हे मला सुचलंच नाही. एवढी शिकलेली मी. दोन दिवसांनी त्यांनी देबूला तिकीट बदलायला लावलं. जाताना तुझ्या हनुवटीला हात लावला नाही, "शंख काट दिया, बौमा" एवढंच म्हणाल्या. पुढच्या हिवाळ्यात त्या वारल्या. बिष्णुपूरचं दुसरं आमंत्रण कधीच आलं नाही.

तू माझ्यावर संशय घेतला नाहीस. एकदाही नाही. "तिघांनाच माहीत होतं. तू शपथ घेतलेलीस. मग उरला कोण? घरचा भेदी!" तू देबूला विचारलंस आणि तो गप्प बसला. "तोंडातून शब्द काढत नाही गं. म्हणजे खरंच ना?" दर शनिवारी सकाळी फोन, दर शनिवारी हेच. मी त्याच वर्षी कॉव्हेंट्रीची नोकरी घेतली होती. तू सगळ्यांना सांगायचीस, वसूला बढती मिळाली. बढती होतीच, पण मी पळालेही होते. तुम्ही खोल्या वेगळ्या केल्यात. मिताली आईची बाजू घेत मोठी झाली. आणि मी फोनवर "हं" म्हणायचे. त्या सात वर्षांतले माझे सगळे हुंकार एकत्र केले तर त्यांची एक शिवी होईल.

का नाही सांगितलं? तू होतीस म्हणून मी जिवंत होते, हे त्याचं उत्तर. माधव गेल्यावर दर रविवारी तू डब्यात वरणभात घेऊन यायचीस, खसकन पडदे ओढायचीस आणि म्हणायचीस, "ऊठ, केस धू, वास येतोय तुला." त्याचे कपडे माझ्याच्याने देववेनात, तर तू ते गाडीत भरलेस आणि कुठे दिलेस ते मला कधी कळू दिलं नाहीस. त्याचा एक स्वेटर मात्र मागे ठेवलास, माझ्या उशीखाली. इतकं मला कुणी दिलेलं नाही. ते जाईल म्हणून मी भ्यायले. ही सबब आहे, मला कळतं.

शेवटच्या गुरुवारी मी तुझ्या पायांना तेल लावत होते. तू डोळे मिटून म्हणालीस, "आता राग धरायलाही ताकद नाही गं. पण देबूने एकदा तरी हो म्हणायला हवं होतं." खोलीत आपण दोघीच होतो. दार बंद होतं. मला आयुष्यात याहून चांगली वेळ मिळाली नसती.

मी म्हटलं, "पाणी हवं का?"

परवा रविवारी तुझ्या घरी गेले. देबू स्वयंपाकघरात कप पुसत होता. मिताली वर, खोलीचं दार लावून. तुझ्या आजारपणाच्या दीड वर्षात ती बापाशी फक्त औषधांपुरतं बोलायची, तेही तू पाहिलंसच. आता औषधंही संपली होती. मी कोटसुद्धा काढला नाही.

"देबू, माँना मी सांगितलं होतं. शंखाचं."

त्याने कप ठेवला. तुझ्याकडून शिकलेल्या त्याच्या मोडक्या मराठीत म्हणाला, "आय नो, वसुधा. माँने हीथ्रोवरच सांगितला होता."

मी खुर्ची ओढून बसले. "मग तू नीलाला बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? माझ्याशी भांडून ती कुठे जाणार होती? वुई हॅड वन हाऊस. पण तुझ्याशी भांडली असती, तर शनिवारी मराठीत कुणाशी बोलली असती? तिला या कंट्रीत दुसरा कोण होता?"

नीला, मला त्याचे पाय धरावेसे वाटले आणि त्याच वेळी एक थोबाडीतही द्यावीशी वाटली. मी घाबरून गप्प, तो समजून गप्प, आणि दोघांच्या मधे तू सात वर्षं जळत राहिलीस. तुला कुणी विचारलं होतं का, की तुला मैत्रीण हवी की नवरा? त्याने ठरवलं, मी ठरवू दिलं.

"मितालीला सांगते," मी उठले.

"डोन्ट." तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून बोलला. "आई गेली तिची. मावशी तरी राहू दे."

हे ऐकून मी थांबले असते, सात वर्षं थांबले तशीच. पण या वेळी जिन्याशी गेले आणि हाक मारली.

ती खाली आली. तुझा करडा कार्डिगन घातला होता तिने. मी मराठीत सांगितलं, मग एकही शब्द निसटायला नको म्हणून इंग्रजीत पुन्हा सांगितलं. तिने आधी बापाकडे पाहिलं.

"म्हणजे बाबाने नाही केला?"

"नाही. मी केलं."

"अँड मम फोनवर रडायची, एव्हरी सॅटर्डे, आणि तू ऐकत होती? यू जस्ट लिसन्ड?"

"हो."

तिच्या तोंडावर तुझा राग होता, नाकपुड्यांपासून. मी तो ओळखला. सात वर्षांपूर्वी मला मिळायला हवा होता तो हाच. "मावशी," ती म्हणाली, "तू आता जा. प्लीज. मला तुला बघायचा नाही."

गेले. दार मीच लावून घेतलं. गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. पुढच्या खोलीचा पडदा उघडा होता. मिताली देबूसमोर उभी राहून ओरडत होती, काचेतून आवाज रस्त्यावर येत होता. "सेव्हन इयर्स, बाबा! व्हाय डिडन्ट यू से समथिंग? मी तुझ्याशी इतका वाईट वागले, तू का नाही बोलला?" तो खुर्चीत बसलेला होता. मग तो उठला आणि त्यानेही आवाज चढवला. देबूने, नीला. ज्याच्या तोंडातून शब्द निघत नाही म्हणून तू मला सातशे वेळा सांगितलंस, तो माणूस हात उडवत, रडत, बंगालीत ओरडत होता, आणि तुझी मुलगी त्याला मध्येच तोडून उलट उत्तरं देत होती.

समोरच्या घरातली बाई दारात येऊन बघायला लागली. मी काच खाली करून तिला सांगितलं, सगळं ठीक आहे.